तीस डॉलरसाठी कोण लढणार?

अमेरिकेत लाखो लोकांच्या वतीने कंपनीवर एकच दावा, म्हणजे क्लास अॅक्शन, दाखल झाला की कंपनीचा वकील आधी विचारतो: ही सगळी माणसं एका दाव्यात बसतात का? संघीय दिवाणी नियमावलीतल्या 23व्या नियमानुसार न्यायाधीश त्याचा निर्णय देतात आणि पुष्कळदा खटल्याचा निकाल तिथेच लागल्यासारखा असतो. परवानगी मिळाली तर कंपनी तडजोडीला बसते. नाकारली तर बहुतेक वादी हताश होऊन घरी जातात.

वॉल-मार्टवर सुमारे 15 लाख महिलांच्या वतीने पगार आणि बढतीतल्या भेदभावाचा दावा होता. बचाव असा होता की, पगार-बढती त्या त्या दुकानाचे मॅनेजर ठरवतात आणि कंपनीच्या धोरणात भेदभावाला मनाई आहे; मग इतक्या मॅनेजरांचे निर्णय एकाच पुराव्याने कसे तपासणार? 2011 साली सर्वोच्च न्यायालयाने हे मान्य केलं. निकाल त्या महिलांना जड गेला, तरी हा युक्तिवाद मला रास्त वाटतो. आरोप करणारे कितीही असोत, प्रत्येक आरोपाला उत्तर देण्याचा हक्क प्रतिवादीला असलाच पाहिजे.

त्याच वर्षीचा एटी अँड टीचा बचाव मात्र पटत नाही. फुकट म्हणून जाहिरात केलेल्या फोनवर ग्राहकाकडून 30.22 डॉलर विक्रीकर घेतला गेला. करारात अट होती: वाद लवादापुढेच न्यायचा, तोही एकेकट्याने. न्यायालयाने 5 विरुद्ध 4 मतांनी ती अट उचलून धरली. लवादात कंपनीच्या देकारापेक्षा जास्त रक्कम मिळवणाऱ्या ग्राहकाला किमान 7,500 डॉलर देण्याची तरतूदही करारात होती, हे खरं. पण तिथवर पोचायला तीस डॉलरसाठी एकट्याने झगडणार कोण? वॉल-मार्टच्या वकिलांनी एकत्र दाव्याला कोर्टात उत्तर दिलं. इथे असा दावा उभाच राहू नये याची तजवीज सही घेतानाच झाली होती.

आपल्यालाही हा प्रश्न परका नाही. सत्यम घोटाळ्यानंतर अमेरिकी बाजारात शेअर घेतलेल्यांना क्लास अॅक्शनमधून 12.5 कोटी डॉलरची तडजोड मिळाली. भारतातल्या भागधारकांसाठी कंपनी कायद्यात तसा मार्गच नव्हता. तो 2013च्या कायद्यातल्या कलम 245ने दिला आणि 2016पासून ते लागू झालं. लवादाच्या कलमामुळे ग्राहक न्यायालयात जाण्याचा मार्ग बंद होत नाही, हेही 2018मध्ये एमार एमजीएफ प्रकरणात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं. बचावाच्या वकिलाने अशिलासाठी जिवाचं रान करावं, तो त्याचा धर्मच आहे. पण समोरच्याचं म्हणणं कोर्टात पोचूच न देण्याचा अधिकार कायद्याने कुठल्याही कराराला देता कामा नये.