गादी कुणाच्या शब्दावर?

दक्षिण प्रशांत महासागरात, फिजी आणि सामोआ यांच्या दरम्यान, फ्रान्सच्या अखत्यारीतला एक छोटा बेटांचा प्रदेश आहे. त्याचे नाव वालिस आणि फुतुना. क्षेत्रफळ जेमतेम १४२ चौरस किलोमीटर आणि २०१८च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ११,५५८. इथले रहिवासी फ्रेंच नागरिक आहेत. ते फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षासाठी मत देतात आणि पॅरिसच्या संसदेत त्यांचा एक प्रतिनिधी खालच्या सभागृहात, तर एक सिनेटमध्ये बसतो. याच प्रदेशात तीन राजेही आहेत. उवेआ म्हणजेच वालिस बेटाचा एक, आणि फुतुना बेटावरच्या सिंगावे व आलो या राज्यांचा एकेक. १७९३ साली ज्या देशाने आपल्या राजाचा शिरच्छेद केला, तोच देश आज या तीन राजांना सरकारी तिजोरीतून मानधन देतो.

या प्रदेशाविषयी लिहिले जाते ते बहुधा याच विसंगतीच्या कुतूहलाने, आणि ते कुतूहल शमले की लेखनही थांबते. मला मात्र खरा प्रश्न त्याच्या पलीकडे दिसतो. प्रजासत्ताकाच्या पोटात राजा असणे ही वालिस-फुतुनाची अडचण नाही. तिथला राजा हा लोकांच्या रोजच्या संमतीवर उभा असलेला राजा होता. लोक त्याला बसवत आणि उतरवतही. प्रजासत्ताकाने या प्रथेला संरक्षण दिले आणि त्या संरक्षणातूनच संमतीचा हा धागा हळूहळू लोकांच्या हातून सरकारी कार्यालयाच्या हाती गेला. परंपरा जपायची म्हणजे नेमके काय जपायचे, हा जगभरच्या आदिम आणि अल्पसंख्य समाजांपुढचा प्रश्न या इवल्याशा बेटांवर फार स्पष्ट दिसतो.

आधी भूमी पाहू, कारण इथले राजकारण भूमीतून उगवले आहे. उवेआ हे बुटके, ज्वालामुखीजन्य बेट. सर्वांत उंच टेकडी १५१ मीटरची. आत लालोलालोसारखी उभ्या कड्यांनी वेढलेली विवर-सरोवरे, बाहेर प्रवाळभिंत आणि तिच्या कुशीत शांत खाजण. फुतुना तिथून सुमारे २३० किलोमीटरवर. तिथे खाजण नाही, लाटा जवळजवळ किनाऱ्यावरच फुटतात आणि पुके पर्वत ५२४ मीटरपर्यंत चढत जातो. शेजारच्या आलोफी बेटावर वस्ती जवळपास नाहीच. फुतुनाचे लोक होडीने सामुद्रधुनी ओलांडून तिथे शेती करायला जातात. उवेआच्या भाषेवर आणि राजपदाच्या रचनेवर टोंगाच्या जुन्या साम्राज्याचा ठसा आहे. फुतुनाची भाषा वेगळी. एकाच नावात जोडलेली ही बेटे स्वतःहून कधी एक देश नव्हती. त्यांना एकत्र बांधले ते फ्रेंच प्रशासनाने.

दोन्ही बेटांवर एक गोष्ट मात्र समान आहे. जमीन विकता येत नाही. ती कुळाची असते, कसणाऱ्याला तिचा उपयोग मिळतो, आणि वाद झाला तर कुळप्रमुख, गावप्रमुख, जिल्ह्याचा प्रमुख अशा पायऱ्यांनी तो राजापर्यंत जातो. सरकारी भूमिअभिलेख नाहीत. सुरण, तारो, केळी, नारळ आणि डुकरे यांच्यावर घरे चालतात. म्हणून तारोचा एक वाफा कुणी लावायचा हे ठरवण्यातही प्रथेची सत्ता असते.

ही सत्ता डोळ्यांना दिसते ती कातोआंगा या मोठ्या उत्सवात. सकाळी चर्चमध्ये प्रार्थना होते. मग मोकळ्या मैदानावर प्रत्येक गाव आपला वाटा आणून मांडते. डुकरे ओळीने ठेवलेली, सुरण-तारोच्या टोपल्या, विणलेल्या चटया, झाडाच्या सालीपासून कुटून केलेले आणि रंगवलेले कापड. राजा आणि सरदार जमिनीवर मांडी घालून आपापल्या जागी बसतात. लाकडी परातीत कावाच्या मुळांचे पेय कालवले जाते. एक जण एकेक पदवी पुकारतो आणि त्या पदवीच्या माणसापुढे करवंटी नेली जाते. पहिली करवंटी कुणाला, दुसरी कुणाला, यावर साऱ्या समाजाची नजर असते, कारण तो क्रम म्हणजेच मानाची उतरंड. त्यानंतर आणलेले सारे वाटले जाते. ज्याच्यापुढे सर्वाधिक ठेवले जाते त्याने सर्वाधिक वाटायचे असते. जो घेतो आणि वाटत नाही, जो न्याय देताना आपपर करतो, त्याच्यापुढे पुढच्या वेळी कमी येते. राजाला खाली उतरवण्याची सुरुवात अशीच होते.

उवेआत राजाला लावेलुआ म्हणतात. ही गादी बापाकडून मुलाकडे आपोआप जात नाही. राजवंशातल्या घराण्यांमधून सरदार मंडळी एकाची निवड करतात, आणि तीच मंडळी त्याला पदच्युतही करू शकतात. फुतुनाच्या दोन राज्यांत तर राजे बदलण्याचे प्रमाण आणखी जास्त. बाहेरचा अधिकारी याला अस्थैर्य म्हणेल. मला त्यात उत्तरदायित्वाची एक जुनी आणि कसाला लागलेली पद्धत दिसते. मतपेटी नसलेल्या समाजाने सत्तेला दिलेली ती वेसण होती.

या व्यवस्थेत पहिला मोठा बदल घडवला तो चर्चने. १८३७ साली मारिस्ट पंथाचे फ्रेंच मिशनरी आले. पिएर बातायों उवेआत उतरले, पिएर शानेल फुतुनात. शानेल यांची १८४१ साली हत्या झाली. नव्या धर्मामुळे आपली सत्ता जाईल अशी भीती वाटलेल्या राजा निउलिकीचा त्यामागे हात होता. पण थोड्याच वर्षांत अवघे फुतुना कॅथलिक झाले आणि १९५४ साली रोमने शानेल यांना संतपद दिले. उवेआत राणी आमेलियाने १८८६ साली फ्रान्सच्या संरक्षणाचा करार केला, १८८८च्या सुमारास फुतुनानेही तो स्वीकारला. आज राजधानी माता-उतुला समुद्राकडे तोंड करून दोन वास्तू शेजारी-शेजारी उभ्या आहेत, एक दगडी कॅथेड्रल आणि दुसरा लावेलुआचा वाडा. फ्रान्समध्ये १९०५च्या कायद्याने राज्य आणि चर्च वेगळे केले. इथे तो कायदा लागू नाही आणि प्राथमिक शाळा दीर्घकाळ सरकारी पैशाने चर्चच चालवत आले.

दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली अमेरिकी फौज उवेआत उतरली. हजारो सैनिक, रस्ते, हिहिफोची धावपट्टी, मजुरीचे रोख पैसे हे सारे एका झटक्यात आले आणि युद्ध संपताच निघूनही गेले. पैशाची गरज मात्र मागे राहिली. डिसेंबर १९५९ मध्ये सार्वमत झाले तेव्हा सुमारे ९४ टक्के मतदारांनी फ्रान्सचा सागरपार प्रदेश होण्याच्या बाजूने कौल दिला. २९ जुलै १९६१ रोजी संबंधित कायदा झाला. या कायद्याच्या तिसऱ्या कलमात इथल्या लोकांच्या धर्माचा, श्रद्धांचा आणि प्रथांचा आदर राखण्याची हमी प्रजासत्ताकाने दिली. अट अशी, की त्या प्रथा कायद्याच्या सर्वसाधारण तत्त्वांच्या विरोधात जाऊ नयेत.

हा कायदा मला मनापासून मोलाचा वाटतो. वसाहतींच्या इतिहासात जमीन हिरावून घेणे हा नियम होता. इथे ती एकरभरही बाजारात गेली नाही. शेजारच्या न्यू कॅलेडोनियात मूळनिवासी कनाक लोकांना त्यांच्या जमिनींवरून हुसकून राखीव क्षेत्रांत कोंडले गेले, त्याची जखम आजही भरलेली नाही. वालिस-फुतुनाचा माणूस आपल्या आजोबांच्या जमिनीवर उभा राहून फ्रेंच पारपत्र बाळगतो. जे समतेच्या नावाखाली हे सारे मोडून एकसारखा कायदा लावा म्हणतात, त्यांनी आधी या जमिनीचे काय होईल ते सांगावे.

पण त्याच कायद्याने कारभाराची जी घडी बसवली, तिच्यात दोष आहे. प्रदेशाचा कार्यकारी प्रमुख म्हणजे पॅरिसने नेमलेला मुख्य प्रशासक. तीन राजे ज्या प्रदेश परिषदेचे उपाध्यक्ष आहेत, तिचा अध्यक्षही तोच. वीस जणांची प्रादेशिक विधानसभा लोक निवडतात, तेरा उवेआतून आणि सात फुतुनातून. तिचे ठराव मात्र प्रशासकाच्या आदेशाशिवाय अमलात येत नाहीत. राजा आणि प्रजासत्ताक यांच्या जोडीची चर्चा करताना हा तिसरा माणूस नजरेआड राहतो. त्याला लोकांनी निवडलेले नसते, सरदारांनी बसवलेले नसते, आणि काही वर्षांत तो बदलीवर जातो. राजांना आणि प्रमुखांना मानधन देणारा आणि नवा राजा कोण याला सरकारी मान्यता देणारा आदेश काढणाराही तोच.

याचे परिणाम २००५ साली उघड झाले. लावेलुआ तोमासी कुलिमोएतोके तेव्हा ४५ वर्षांहून अधिक काळ गादीवर होते. त्यांच्या नातवाला एका अपघाती मृत्यूच्या प्रकरणात फ्रेंच न्यायालयाने शिक्षा सुनावली आणि राजाने त्याला वाड्यात आश्रय दिला. हा प्रथेचा मामला आहे, असे राजाचे म्हणणे. कायद्यापुढे सारे सारखे, असे सुधारणावाद्यांचे. त्यांनी नवा राजा बसवण्याची तयारी केली. राजाच्या समर्थकांनी विमानतळाकडचे रस्ते अडवले. पॅरिसहून मध्यस्थ आला आणि अखेर जुन्याच राजाची मान्यता कायम राहिली. २००७ साली मृत्यू येईपर्यंत ते राजे होते.

या प्रकरणात फिर्यादीचा न्याय मागण्याचा हक्क निर्विवाद आहे. मृताच्या कुटुंबाला राजाच्या नात्यागोत्याची झळ बसता कामा नये. इथे १९६१च्या कायद्यातली ती अट पूर्ण बळाने लागू व्हायलाच हवी. पण त्याच घटनेची दुसरी बाजू अशी, की राजावर नाराज झालेल्या सरदारांना त्याला उतरवण्याचा जो जुना मार्ग होता, तो आता सरकारी मान्यतेच्या दारातून जात होता.

पुढे हे आणखी स्पष्ट झाले. २००८ साली गादीवर बसलेले कापिलिएले फाउपाला २०१४ मध्ये पदच्युत झाले. गादी रिकामी राहिली. २०१६ साली एका गटाने एप्रिलमध्ये तोमिनिको हालांगाहू यांना, तर दुसऱ्या गटाने जूनमध्ये पातालिओने कानिमोआ यांना राजा घोषित केले. फ्रेंच प्रशासनाने कानिमोआ यांना मान्यता दिली. ती निवड योग्य होती की अयोग्य, हा माझा मुद्दा नाही. दोन दावेदारांमधला निवाडा ज्या समाजाने महिनोन्महिने बैठका घेऊन, भांडून, समेट करून स्वतः करायचा, तिथे एका सहीने निकाल लागला. ज्याला सही मिळाली त्याला मानधन मिळाले आणि परिषदेतली खुर्चीही. ज्याला नाही मिळाली त्याच्या घराण्याचा राग आत मुरला. राजा लोकांपुढे जबाबदार राहण्याऐवजी मान्यता देणाऱ्याकडे पाहू लागला, तर कावाच्या बैठकीतला क्रम तोच राहील, पण त्यातला अर्थ निघून जाईल.

संमतीचा धागा लोकांच्या हातून निसटण्याचे दुसरे कारण पगाराचे आहे. प्राप्तिकर नाही, मालमत्ता कर नाही. स्थानिक तिजोरी मुख्यतः आयात मालावरच्या जकातीवर भरते. पगारी नोकऱ्यांत सरकारी नोकऱ्यांचाच भरणा आहे. जमीन प्रथेच्या हाती आणि पगार सरकारच्या हाती, अशी ही विभागणी. पगाराचे पारडे दरवर्षी जड होते आहे. विद्यापीठ नाही, उद्योग नाही, म्हणून तरुण न्यू कॅलेडोनियाला किंवा फ्रान्सला जातात. २००३ साली इथे १४,९४४ लोक होते. पंधरा वर्षांत त्यांतले तीन हजारांहून अधिक कमी झाले. आज मायभूमीत आहेत त्यांच्या जवळजवळ दुप्पट वालिसी-फुतुनी न्यू कॅलेडोनियात राहतात. जाणाऱ्याची जमीन कुळाकडे राहते, पण बैठकीतली त्याची जागा रिकामी पडते. उतरवण्याची धमक असलेली पिढीच गेली, तर राजाला लोकांचा धाक उरत नाही.

तरीही प्रथा निर्जीव झालेली नाही. २०१०च्या दशकात या प्रदेशाच्या समुद्रतळावरच्या खनिजांचा शोध सुरू झाला, तेव्हा सर्वांत ठाम विरोध प्रमुखांकडूनच आला. समुद्र हा आपल्या जमिनीचाच विस्तार आहे आणि तो आपल्याला न विचारता कुणी खणू नये, ही त्यांची भूमिका. निवडून आलेल्या कोणत्याही पक्षाला इतक्या एकमुखाने ती मांडता आली नसती. जिथे जमीन आणि समुद्र पणाला लागतो, तिथे राजा आजही आपल्या लोकांच्या बाजूने बोलतो.

म्हणूनच १९६१चा कायदा मोडू नये, पण साठ वर्षांनंतर तो पुन्हा लिहिलाच पाहिजे. बदलाचा विषय निघाला की प्रमुख मंडळींना आपले स्थान जाईल अशी धास्ती वाटते, आणि पॅरिसला शांतता बिघडेल अशी. या दोन्ही भीतींपोटी विषय पुढे ढकलला जातो. नव्या कायद्यात जमीन बाजाराबाहेर राहील याची हमी असावी. प्रदेशाचा कारभार नेमलेल्या प्रशासकाकडून निवडलेल्या विधानसभेकडे यावा. राजा कसा निवडायचा आणि कसा उतरवायचा याची रीत प्रत्येक राज्याने स्वतः, सर्व कुळांच्या बैठकीत ठरवून नोंदवावी, त्या बैठकीत परदेशी गेलेल्यांना आणि आजवर पदव्यांपासून बहुधा दूर राहिलेल्या स्त्रियांनाही स्थान असावे, आणि सरकारने फक्त त्या रीतीचा निकाल स्वीकारावा. आणि प्रथेच्या निवाड्याने ज्याचा जीव, शरीर किंवा स्वातंत्र्य धोक्यात येते, त्या प्रत्येकाला, मग तो राजाच्या विरोधात का असेना, सामान्य न्यायालयाचे दार विनाअडथळा खुले असावे.

यातले काहीही प्रथेच्या विरोधात नाही. राणी आमेलियाने फ्रान्सशी करार केला तेव्हा तिने संरक्षण मागितले होते, आपल्या उत्तराधिकाऱ्याच्या निवडीचा अधिकार देऊ केला नव्हता. तो अधिकार उवेआ, सिंगावे आणि आलोच्या कुळांना परत मिळाला, तर प्रजासत्ताकाचे काहीच कमी होणार नाही. सत्ता देणाऱ्यालाच ती काढून घेता यावी, हे तर प्रजासत्ताकाचेच पहिले तत्त्व आहे, आणि या बेटांवरचे लोक ते फ्रान्सच्या क्रांतीची वार्ता कानी येण्याच्या कितीतरी आधीपासून पाळत आले आहेत.