परतलेला सैनिक आणि त्यागाचा अधिकार

लढाईवर गेलेला माणूस मेल्याची बातमी येते, मागे राहिलेली बाई दुसऱ्याच्या आधाराने सावरते, आणि मग तो जिवंत परततो. राज कपूरच्या ‘संगम’ची (१९६४) गाठ हीच आहे. वायुदलातला सुंदर काश्मीरच्या मोहिमेत गेला असे सगळे धरून चालतात. राधा आणि गोपाळ यांचे जुळते. सुंदर परतताच गोपाळ मित्रासाठी मागे सरतो आणि राधेचे लग्न सुंदरशी होते. चित्रपट याला त्याग म्हणतो. पण हा त्याग करण्याचा अधिकार गोपाळला होता का?

धर्मशास्त्राचे उत्तर स्पष्ट आहे. कुटुंबाला बाधा न आणता स्वतःचे असेल ते द्यावे, मात्र बायको आणि मुलगा देता येत नाहीत, असा याज्ञवल्क्यस्मृतीचा नियम आहे. पूर्वमीमांसेतली विश्वजित यागाची चर्चाही त्याच दिशेने जाते. यजमानाने सर्वस्व द्यायचे, तर आईबापही द्यायचे काय? मीमांसासूत्रकार जैमिनीचा निर्णय असा, की ज्यावर मालकी चालते तेवढेच देता येते. द्यूतसभेत द्रौपदीने विचारलेला प्रश्न याच जातीचा होता, आणि भीष्मालाही त्याचे सरळ उत्तर देता आले नाही. गोपाळ तर राधेचा नवराही नव्हता. त्याने स्वतःची इच्छा सोडली, तिथवर त्याग खराच आणि मोठाही. पण राधेचे मन त्याच्या मालकीचे नव्हते, तरी त्याने तेही देऊन टाकले. शेवटी तो स्वतःवर गोळी झाडतो. कथा त्याने मिटते, अधिकाराचा प्रश्न मिटत नाही.

वाट किती पाहायची, हा दुसरा प्रश्न. नारदस्मृती त्यावर चक्क मुदत घालते. नवरा परागंदा असेल तर ब्राह्मण स्त्रीने आठ वर्षे, मूल नसल्यास चार वर्षे थांबावे. क्षत्रिय स्त्रीने सहा किंवा तीन. वैश्य स्त्रीने चार किंवा दोन. तो जिवंत असल्याचे कानी आले तर मुदत दुप्पट. पुढच्या काळात रूढीने मुदतीनंतर दुसरा नवरा करण्याची ही सवलत उच्चवर्णीय स्त्रियांकडून काढून घेतली. पानिपतावर १४ जानेवारी १७६१ रोजी सदाशिवराव भाऊ पडले. त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी मात्र वैधव्य कधीच पत्करले नाही. भाऊसाहेब म्हणवून घेणारा तोतया उभा राहिला, चौकशीअंती १७७६ मध्ये मारला गेला, तरी बाई अखेरपर्यंत सवाष्णच राहिल्या. ही निष्ठा त्यांनी स्वतः निवडलेली होती, म्हणून ती आदराला पात्र ठरते. तीच सक्तीची झाली असती तर तिला निष्ठा म्हणता आले नसते.

वऱ्हाडातल्या कुणबी आणि इतर शेतकरी जातींनी पोथी न उघडता वाट काढली होती. नवरा गेलेल्या बाईला पाट, म्हणजे दुसरे लग्न, लावता येई. पाट लागे तो रात्री, अंधाऱ्या पंधरवड्यात. आणि बिनलग्नाच्या पुरुषाला विधवेशी पाट लावायचा असला तर आधी रुईच्या झाडाशी त्याचे लग्न लावून घेत. म्हणजे बाईला परवानगी होती, पण पहिल्या लग्नाचा मान नव्हता. तरीही जिवंत माणसाच्या गरजेला या रिवाजाने पोथीपेक्षा अधिक ओळखले, हे मान्य करावेच लागते.

आजच्या कायद्यात मुदत सात वर्षांची आहे. जवळच्यांना सात वर्षे कसलीच खबर नसेल तर माणूस मेला असे न्यायालय गृहीत धरते, आणि १९५५च्या हिंदू विवाह कायद्यानुसार तेवढ्या कारणावर घटस्फोट मिळतो. मात्र घटस्फोटाचा हुकूमनामा न घेता केलेले दुसरे लग्न, पहिला नवरा जिवंत परतला तर रद्दबातल ठरते. हुकूमनामा झालेला असेल तर परत आलेल्याचा तिच्यावर हक्क उरत नाही, आणि तो हुकूमनामा मागायचा की वाट पाहत राहायचे, हे ठरवते ती बाई; ना मित्र, ना सासर.