हक्काला पत्ता हवा

पुण्याहून, मुंबईहून, नाशिकहून नोकरीसाठी बेंगळुरूला जाणाऱ्या मराठी कुटुंबांची संख्या मोठी आहे. बदलीचं पत्र हाती पडलं की घर आणि शाळा यांची शोधाशोध सुरू होते. बोर्ड कोणतं, फी किती, बस दारात येते का, एवढं पाहून बहुतेकांचा निर्णय होऊन जातो. पण घरात स्वमग्न मूल असेल, अध्ययन अक्षमता, सेरेब्रल पाल्सी किंवा बौद्धिक अक्षमता असलेलं मूल असेल, तर पगारवाढीच्या आनंदाआधी प्रश्न उभा राहतो : तिथे याला कोणती शाळा घेईल? आणि घेतलं तर नुसतं सांभाळतील, की शिकवतीलही? कित्येक घरांत या एका प्रश्नापायी बढती नाकारली जाते. कित्येक घरांत बाप एकटा बेंगळुरूला राहतो आणि आई मुलाला घेऊन पुण्यातच थांबते, कारण तिथली शाळा मोठ्या मुश्किलीने जमलेली असते.

हा प्रश्न आपण त्या त्या कुटुंबाच्या नशिबावर सोडून दिला आहे. मला तो नशिबाचा वाटत नाही, व्यवस्थेचा वाटतो. आपल्या कायद्याने या मुलांना हक्क भरपूर दिले. पण नव्या गावात पाऊल ठेवल्यावर तो हक्क कोणाच्या दारात जाऊन मागायचा, हे पालकांना कोणीच सांगत नाही.

आधी कायदा पाहू. 2009 चा शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला आणि 2012 च्या दुरुस्तीने दिव्यांग मुलांचा समावेश वंचित घटकात झाला. 2016 चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा त्याच्या बराच पुढे गेला. त्यात 21 प्रकारच्या अक्षमता नोंदवल्या आहेत. स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता यांनाही त्यात स्थान मिळालं. कलम 16 नुसार शासनाची मान्यता असलेल्या प्रत्येक शाळेने, म्हणजे खासगी शाळेनेही, भेदभाव न करता प्रवेश द्यायचा आहे आणि मुलाच्या गरजेप्रमाणे सोय करायची आहे. कलम 31 नुसार 40 टक्के किंवा त्याहून अधिक अक्षमता असलेल्या 6 ते 18 वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. विशेष शिक्षक किती असावेत, हेही सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2021 च्या निकालात सांगितलं : प्राथमिक वर्गांत अशा दहा मुलांमागे एक, त्यावरच्या वर्गांत पंधरा मुलांमागे एक. कागद भक्कम आहे.

आता प्रत्यक्ष काय होतं ते पाहा. आई शाळेला फोन करते. जागा आहेत, या भेटायला, असं उत्तर येतं. ती मुलाच्या निदानाचा उल्लेख करते आणि पलीकडचा आवाज बदलतो. ‘आमच्याकडे तशी सोय नाही, तुमच्याच मुलाचं नुकसान होईल.’ काही शाळा नकार न देता ‘इंटरॅक्शन’साठी बोलावतात. सहा वर्षांचा मुलगा अनोळखी खोलीत, अनोळखी बाईंसमोर बसतो. बाई चित्र दाखवून इंग्रजीत विचारतात, हे काय आहे? तो म्हणतो, ‘छत्री’. बाईंना मराठी येत नाही. त्या पुन्हा विचारतात, तो पुन्हा ‘छत्री’ म्हणतो, मग खिडकीकडे बघायला लागतो. प्रश्न समजून त्याने बरोबर उत्तर दिलं आणि कागदावर मात्र ‘प्रतिसाद नाही’ अशी नोंद झाली. प्रवेशासाठी मुलाची अशी चाळणी लावायला शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 13 ने मनाई केली आहे, हे त्या खोलीत कोणी बोलत नाही. पालक तर नाहीच, कारण त्याला प्रवेश हवा असतो, भांडण नको असतं.

खासगी शाळांना सरसकट खलनायक ठरवणं सोपं आहे, पण पुरतं खरं नाही. चाळीस मुलांचा वर्ग, सामान्य बी.एड.मध्ये या मुलांबद्दल मिळालेलं तुटपुंजं ज्ञान आणि वरून पोर्शन संपवण्याचा तगादा, यांत अडकलेल्या शिक्षिकेने एकटीने काय करायचं? म्हणून शाळा ‘शॅडो टीचर आणा’, म्हणजे मुलासोबत वर्गात बसणारी मदतनीस आणा, म्हणते आणि तिचा पगार पालकांच्या माथी येतो. फी शाळेची, पगार शॅडो टीचरचा, संध्याकाळची थेरपी वेगळी. ज्याला हे पेलतं त्याचंच मूल ‘समावेशित’ होतं. कायद्याने हक्क म्हणून दिलेली गोष्ट अशी बाजारात विकत घ्यावी लागते.

अमेरिकेत न्यू जर्सीला किंवा कॅलिफोर्नियाला गेलेली मराठी कुटुंबं घर घेण्याआधी ‘स्कूल डिस्ट्रिक्ट’ कोणतं ते बघतात. त्यामागे 1975 चा कायदा आहे. मूल ज्या हद्दीत राहतं त्या हद्दीचं शिक्षण मंडळ त्याला बांधील असतं. मुलासाठी लेखी वैयक्तिक शिक्षण आराखडा होतो आणि कुटुंब दुसऱ्या गावी गेलं तर नवा आराखडा ठरेपर्यंत नव्या मंडळाला जुन्याच्या तोडीची सेवा द्यावी लागते. तिथेही श्रीमंत आणि गरीब हद्दींत मोठी तफावत आहे, तिथेही पालकांना वकील गाठावे लागतात. तरी एक मूलभूत गोष्ट तिथे ठरलेली आहे : हे मूल आता कोणाची जबाबदारी, याचं उत्तर पहिल्या दिवशी मिळतं. तिथून बेंगळुरूला परतणाऱ्या कुटुंबांच्या फाइलमध्ये तो आराखडा जपून ठेवलेला असतो. इथे तो वाचणं कोणाच्याही कामाचा भाग नसतो.

म्हणजे बेंगळुरूत काहीच नाही का? तसं मुळीच नाही. मानसिक आरोग्याच्या क्षेत्रातली निमहान्ससारखी संस्था या शहरात आहे. अध्ययन अक्षमतेच्या सरकारी प्रमाणपत्रासाठी देशभर जी चाचणी मानली जाते, ती याच संस्थेच्या नावाने ओळखली जाते. दिव्यांगांसाठी काम करणारी ‘असोसिएशन ऑफ पीपल विथ डिसॅबिलिटी’ 1959 पासून इथे आहे. इंदिरानगरला स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ कर्नाटक आहे. बोलण्या-संवादाच्या अडचणी असलेल्या लहान मुलांसाठी डॉ. प्रतिभा कारंथ यांनी उभा केलेला ‘कॉम डील’ हा उपक्रम आहे. वाचा आणि श्रवणाच्या क्षेत्रातली देशातली अग्रगण्य संस्था म्हैसूरला, म्हणजे काही तासांच्या अंतरावर आहे. मुंबईत 1944 पासून चालणारी जय वकील शाळा आणि डॉ. मिठू अलूर यांनी 1972 मध्ये सुरू केलेली स्पॅस्टिक्स सोसायटी यांच्यामुळे महाराष्ट्रात जी परंपरा तयार झाली, तिच्या तोडीचं काम बेंगळुरूत आहे. ज्ञान आहे, माणसं आहेत. त्यांच्यापर्यंत नेणारी सरकारी वाट तेवढी नाही.

ही वाट नाही म्हणून पालकांनाच ती काढावी लागते. अशा कुटुंबांना माझं पहिलं सांगणं : आधी शाळा आणि थेरपी ठरवा, मग घर. ऑफिसजवळ फ्लॅट घेऊन मोकळं झालं की मुलाचे रोजचे दोन-तीन तास आउटर रिंग रोडच्या गर्दीत जातात, आणि थकलेल्या मुलाला कितीही चांगली थेरपिस्ट काही शिकवू शकत नाही. दुसरं, शाळेच्या माहितीपत्रकातल्या ‘इन्क्लुझिव्ह’ या शब्दावर जाऊ नका. नेमके प्रश्न विचारा. विशेष शिक्षक किती, त्या कायम नोकरीवर आहेत का, भारतीय पुनर्वास परिषदेत त्यांची नोंदणी आहे का? मुलाचा आराखडा कोण लिहितं, तो कधी तपासला जातो? मूल दिवसातला किती वेळ वर्गात असतं आणि किती वेळ रिसोर्स रूममध्ये? शॅडो टीचरचा पगार कोण देतं? आठवीनंतर काय, राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची म्हणजे एनआयओएसची परीक्षा शाळा देऊ देते का? आणि सगळ्यांत मोलाचा प्रश्न : ज्यांचं असं मूल इथे शिकतं अशा एखाद्या पालकाशी माझी गाठ घालून द्याल का? ज्या शाळेला लपवायचं काही नाही, ती हा प्रश्न टाळत नाही.

कागदपत्रांचंही तसंच. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, देशभर चालतं, म्हणून ते निघण्यापूर्वीच काढून घ्यावं. परीक्षेतल्या सवलती मात्र मंडळाप्रमाणे बदलतात. महाराष्ट्राने 1996 पासून अध्ययन अक्षम मुलांना दहावीच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती दिल्या. त्या काळी हे मोठं पाऊल होतं. पण मंडळ बदललं की अर्ज नव्याने. शाळा सोडल्याच्या दाखल्याला उशीर झाला म्हणून सरकारी किंवा अनुदानित शाळेला प्रवेश अडवता येत नाही, हे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 5 मध्ये आहे. ते पालकांना तोंडपाठ असावं.

भाषेचा मुद्दा मराठी कुटुंबांनी विशेष लक्षात घ्यावा. कर्नाटकात 2015 च्या कायद्यानुसार शाळांमध्ये कन्नड शिकावी लागते, आणि त्यात गैर काही नाही. ज्या मातीत राहायचं तिची भाषा मुलाला यावी. पण उशिरा बोलायला लागलेल्या मुलावर घरी मराठी, शाळेत इंग्रजी, शिवाय हिंदी आणि कन्नड, असा एकदम भार पडतो. सीबीएसईमध्ये दिव्यांग मुलाला दोनऐवजी एकच भाषा घेण्याची मुभा आहे. तिची चौकशी प्रवेशाच्या वेळीच करावी. मात्र ‘घरी मराठी बंद करा, फक्त इंग्रजी बोला’ असा सल्ला मिळाला तर तो मानू नका. घरातल्या दुसऱ्या भाषेमुळे स्वमग्न मुलांचं बोलणं आणखी मागे पडतं, असं अभ्यासांत आढळलेलं नाही. ज्या भाषेत आजी त्याला जेवू घालते ती काढून घेतली, तर मुलाचं बोलण्याचं पहिलं आणि सर्वांत आश्वस्त करणारं माणूसच हरवतं.

इथवर जे लिहिलं ते फोन करू शकणाऱ्या, प्रश्न विचारू शकणाऱ्या, फी भरू शकणाऱ्या पालकांसाठी होतं. बेळगाव, बिदरकडून बेंगळुरूत येणारे सुरक्षारक्षक, वाहनचालक, बांधकामावरचे मजूर यांचं काय? त्यांच्या मुलांना सरकारी शाळा हाच आधार. समग्र शिक्षा अभियानात गटपातळीवर विशेष शिक्षक असतात. कर्नाटकात त्यांना बीआयईआरटी म्हणतात. कष्टाळू माणसं असतात ही, पण त्यांच्याकडे एक शाळा नसते, अख्खा गट असतो. शिक्षण हक्क कायद्यातल्या, खासगी शाळांमधल्या पंचवीस टक्के राखीव जागांचा मार्गही कर्नाटकात अरुंद झाला आहे : जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला त्यातून सूट, असा बदल 2019-20 पासून अमलात आला. महाराष्ट्राने 2024 मध्ये तोच प्रयत्न केला, तो मुंबई उच्च न्यायालयाने रद्द ठरवला. ज्याच्याकडे पैसा नाही त्याच्या मुलाला व्यवस्थेची गरज सर्वांत जास्त, आणि त्याच्याच वाट्याला ती सर्वांत कमी येते.

मग करायचं काय? नवा कायदा नको. दिव्यांग हक्क कायद्याच्या 2017 च्या केंद्रीय नियमांत लिहून ठेवलं आहे की जिल्हा शिक्षण कार्यालयात एक नोडल अधिकारी असेल आणि दिव्यांग मुलांचे प्रवेश व त्यांना शाळेत मिळायच्या सोयी ही त्याची जबाबदारी असेल. म्हणजे ज्या पत्त्याची आपल्याला उणीव भासते, तो कागदावर आहे. बेंगळुरूतही शालेय शिक्षणाचे उत्तर आणि दक्षिण असे स्वतंत्र जिल्हे आहेत, उपसंचालकांची कार्यालयं आहेत. फक्त या अधिकाऱ्याचं नाव प्रवेश अर्जावर छापलेलं नसतं, शाळेच्या फलकावर दिसत नाही, आणि ठरावीक मुदतीत या मुलाला जागा मिळवून देण्याचं बंधन त्याच्यावर आहे, असं कोणी मानत नाही. ते मानायला लावलं पाहिजे.

दुसरी गोष्ट माहितीची. ‘यूडायस’ या सरकारी माहिती प्रणालीसाठी प्रत्येक शाळा दरवर्षी माहिती भरते. विशेष शिक्षक आहे का, रॅम्प आहे का, दिव्यांग मुलांना वापरता येईल असं स्वच्छतागृह आहे का, अशी मुलं किती, हे सगळं त्यात विचारलेलं असतं. ही उत्तरं शाळेच्या नावानिशी, साध्या भाषेत, प्रवेशाच्या हंगामाआधी पालकांसमोर ठेवली तर शंभर फोन वाचतील, आणि खोटं भरणाऱ्या शाळेला पालकच जाब विचारतील. तिसरी गोष्ट, शाळा सोडल्याच्या दाखल्यासोबत मुलाचा आराखडाही नव्या शाळेकडे गेला पाहिजे आणि पहिल्या सत्रात तो पाळणं शाळेवर बंधनकारक असलं पाहिजे. विद्यार्थ्याला कायमचा क्रमांक देणाऱ्या व्यवस्थेला हे अवघड नाही.

पालकांनाही एक विनंती आहे. नकार मिळाला तर तो लेखी मागा. लेखी मिळाला नाही, तर झालेलं बोलणं ईमेलने शाळेलाच कळवा. नोडल अधिकाऱ्याला पत्र द्या, राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करा. कायदा मोडला तर पहिल्या खेपेला दहा हजारांपर्यंत आणि पुढे पाच लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. हे एकट्याने होत नाही, म्हणून शहरातल्या पालक संघटनांत सामील व्हा. आपल्या मुलाला जागा मिळाली की आपण सुटकेचा निःश्वास टाकून गप्प बसतो, आणि पुढच्या वर्षी येणारं कुटुंब पुन्हा पहिल्या फोनपासून सुरुवात करतं. तुमचं मूल शाळेत रुजलं असेल, तर शाळेला सांगा की नव्या पालकांना माझा नंबर द्या.