टाकीखालचा जोड

चाळिशी उलटलेल्या शाळामास्तराने वेगाची मोटारसायकल घ्यावी की नाही, हा प्रश्न नीतिशास्त्राचा नव्हे; तो फार तर घरातल्या शांततेचा आहे. पण ती मोटारसायकल जुनी असेल, दुसऱ्याच्या हातून आपल्या हाती यावयाची असेल, तर त्या व्यवहारात नीतिशास्त्र केव्हा येऊन बसते ते कळतही नाही. माझ्या बाबतीत ते पेट्रोलच्या टाकीखाली बसले होते.

'स्पोर्ट्स टूरर' म्हणतात ती गाडी स्वभावाने दुहेरी असते. शर्यतीच्या गाडीसारखी ती वळणावर सहज झुकते, पण स्वाराला टाकीवर पालथे पडावयास लावीत नाही. दिवसभर चालवूनही पाठ शाबूत राहावी अशी तिची बैठक असते. अंगावर फेअरिंगचे कवच असते, ते छातीवर येणारा वारा दुभंगते. 1976 साली बीएमडब्ल्यू कंपनीने आर 100 आरएस या गाडीला, वाऱ्याच्या बोगद्यात घडवलेले संपूर्ण कवच चढवले आणि या जातीला रूप आले. आपल्याकडे 2003 साली 223 सीसीची करिझ्मा आली, 2011 साली सीबीआर 250 आर आली, आणि लांबचा रस्ता वेगाने कापण्याची गोडी पुष्कळांना लागली. मलाही लागली. मात्र नवी गाडी घेण्याइतका मास्तरकीचा पगार नव्हता, आणि कादंबऱ्यांचे मानधन चहापाण्यातच संपत होते. गोडी तेवढी दहा वर्षे मनात मुरत राहिली.

2021 च्या दिवाळीनंतर पुण्यात एक गाडी पाहिली. कोणत्या कंपनीची ते सांगत नाही, कारण दोष कंपनीचा नव्हता. 2012 सालची होती. म्हणजे नोंदणीच्या पंधरा वर्षांपैकी नऊ संपलेली. मी वहीत यादी करूनच गेलो होतो. मास्तरच तो! आधी इंजिनला तळवा लावून ते थंड आहे ना ते पाहिले. गिऱ्हाईक येण्यापूर्वीच गाडी तापवून ठेवली, तर सकाळी सुरू होताना ती किती रडते हे कळत नाही. टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचले. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. चेन-स्प्रॉकेटचे दाते झिजून टोकदार झालेले नाहीत, पुढच्या शॉकअबसॉर्बरच्या नळ्यांवर तेल पाझरलेले नाही, चासीवरचा नंबर आरसी बुकाशी जुळतो, हे सारे पाहिले. मालक हसतमुख गृहस्थ होता. म्हणाला, "साहेब, तुम्हीच बघा. लपवण्यासारखं काही नाही." 85,000 रुपयांवर सौदा तुटला. त्या घासाघिशीत मीही एक गोष्ट लपवली होती. गाडी पाहताक्षणीच माझे मन तिच्यावर बसले होते आणि तो अडून बसला असता, तर मी आणखी पाच हजार मुकाट्याने मोजले असते.

खंबाटकीचा घाट चढून मी वाईच्या रस्त्याला लागलो, तेव्हा पंचवीस वर्षांचा झालो होतो. महिन्याभराने पुन्हा मास्तर झालो. हँडल किंचित डावीकडे ओढते अशी शंका आली म्हणून गावातल्या मिस्त्रीकडे गेलो. त्याने टाकी उतरवली, चिंध्यांनी धूळ पुसली आणि मला हाक मारली. हँडलच्या मानेजवळ, जिथे चासीचे नळे एकत्र येतात, तिथे वेल्डिंगचा एक जोड होता. वरून रंग मारलेला. टाकी काढल्याशिवाय तो ब्रह्मदेवालाही दिसला नसता.

"मास्तर, गाडी कुठेतरी जोरात ठोकलेली आहे," तो म्हणाला. "शाळेपर्यंत हळूहळू न्या. पण वेगात, मागे माणूस बसवून, घाट उतरायचा म्हणाल, तर माझ्याकडून काही लिहून घेऊ नका."

मी पुण्याला फोन केला. समोरून शांतपणे उत्तर आले, "तुम्ही विचारलं कुठं होतं?"

खरेच होते. माझ्या यादीत तो प्रश्नच नव्हता.

रागाच्या भरात मी कायद्याचे पुस्तक मिळवून वाचले. 1872 च्या भारतीय करार कायद्यातले सतरावे कलम फसवणुकीची व्याख्या करते, आणि तिथे एक घोडा उभा आहे. एका मनुष्याचा घोडा सदोष आहे, हे त्याला ठाऊक आहे. तो लिलावात घोडा विकतो आणि दोषाविषयी अवाक्षर काढत नाही. कायदा म्हणतो, ही फसवणूक नव्हे. दीडशे वर्षांपूर्वीचा तो घोडा वाचताना मला माझ्या गाडीची हॉर्सपॉवर आठवली आणि हसूही आले. पण कायदा तेवढ्यावर थांबत नाही. घेणारी जर त्याची स्वतःची, नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर मात्र सांगणे हे त्याचे कर्तव्य ठरते. आणि घेणारा जर म्हणाला, की तुम्ही नाही म्हटले नाहीत तर मी घोडा चांगलाच समजेन, तर तिथे गप्प बसणे हे बोलण्यासारखेच आहे.

हा वाद कायद्याहून कितीतरी जुना आहे. इसवी सनापूर्वी 44 साली रोमच्या सिसेरोने आपल्या मुलासाठी कर्तव्यांवर एक ग्रंथ लिहिला. त्यात ऱ्होड्स बेटावरच्या दुष्काळाची गोष्ट आहे. एक व्यापारी अलेक्झांड्रियाहून धान्य घेऊन येतो. मागून आणखी गलबते येत आहेत, हे त्याला एकट्याला ठाऊक आहे. त्याने ते सांगावे, की गप्प राहून चढ्या भावाने विकावे? डायोजिनीस नावाचा तत्त्वज्ञ म्हणतो, न सांगणे वेगळे आणि लपवणे वेगळे. अँटिपेटर म्हणतो, माणसाचे हित माणसापासून राखून ठेवता येत नाही. सिसेरोचा कौल सांगण्याच्या बाजूने पडतो.

मला स्वतःला डायोजिनीस अगदीच टाकाऊ वाटत नाही. मन किती बसले आहे, हे मी विकणाऱ्याला सांगितले नाही. त्याला पैशाची निकड किती होती, हे त्याने मला सांगितले नाही. बाजार एवढी झाकपाक मान्य करतो, आणि त्यात बुडालेच तर चार पैसे बुडतात. तेव्हा सारीच मौने सारखी नव्हेत, असे मी मनाशी ठरवले. ठरवले खरे, पण ते पाळण्याची वेळ लवकरच आली.

2023 च्या दिवाळीच्या सुट्टीत माझा एक जुना विद्यार्थी गाडी पाहावयास आला. मुलीच्या कॉलेजच्या प्रवेशासाठी मला पैसे हवे होते. पोराचे नुकतेच लग्न झाले होते. बायकोला मागे बसवून कोकणात उतरावयाचे त्याच्या मनात होते. मी म्हटले, "अरे, नीट बघून घे." तो हसून म्हणाला, "सर, तुमची गाडी आणि मी काय बघायचं? तुम्ही म्हणाल ती किंमत."

पत्नीने फराळाचे ताट आणले. तो चकली खात होता आणि मी गप्प होतो. खोटे कशाला सांगू? त्या पाच मिनिटांत मी पुण्याच्या त्या गृहस्थाची सारी वकिली स्वतःशी करून पाहिली. यानेही विचारले कुठे आहे? दोन वर्षांत जोड तुटला आहे का? माझे 85,000 मला कोणी परत केले? प्रत्येक मुद्दा बिनतोड होता. पण त्याचे ते "तुमची गाडी आणि मी काय बघायचं" कानात घुमत होते. कायद्यातल्या घोड्याचा तो शेवटचा दाखला माझ्या ओसरीवर बसून चकली खात होता.

मी उठलो, पान्हा आणला, टाकी उतरवली आणि त्याला जोड दाखवला. त्याने त्यावरून बोट फिरवले. मग जरा वेळाने म्हणाला, "बरं झालं सर, सांगितलंत." आणि गेला. पुढल्या महिन्यात त्याने दुसरीकडून एक जुनी गाडी घेतल्याचे कळले. तिच्याविषयी त्याला कोणी काय सांगितले होते, हे विचारावयाचे धाडस मला झाले नाही.

म्हणजे खरे बोलणाऱ्याची गाडी दारात राहिली आणि न बोलणाऱ्याची खपली असेल. जॉर्ज अकेरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने 1970 साली जुन्या मोटारींच्या बाजारावर निबंध लिहून हेच दाखवले. घेणाऱ्याला चांगली-वाईट गाडी ओळखता येत नाही, म्हणून तो मधलीच किंमत देऊ करतो. त्या किमतीत चांगल्या गाडीचा मालक विकावयास येत नाही, आणि बाजारात उरतो तो कचरा. 2001 साली अर्थशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात त्याला वाटा मिळाला. ते वाचून मला वाटले, की मौनाने फक्त एक गिऱ्हाईक फसत नाही. पुढे येणारा प्रत्येक भला विकणारा आधीच संशयित ठरून येतो.

आता माझी कसोटी मी साधी ठेवली आहे. घेणाऱ्याने मनापासून पाहूनही जे त्याला दिसणार नाही, आणि ज्यावर कोणाचा जीव टांगलेला आहे, ते न विचारता सांगावे. बाकीची घासाघीस खुशाल करावी. कायद्याने स्वतःच्या मुलीचा अपवाद केला आहे. कायद्याला प्रत्येकाच्या मागे धावता येत नाही, म्हणून त्याने तेवढाच केला. पण रस्त्यावर दिसणाऱ्या प्रत्येक गाडीवर कोणाची तरी मुलगी बसलेली असते. त्या अपवादाचा नियम करणे, एवढेच नीतीचे काम उरते.

मुलीच्या प्रवेशाचे पैसे पतपेढीतून काढले. हप्ते अजून चालू आहेत. गाडी मात्र चालू नाही. तिचे इंजिन आणि चाके मिस्त्रीने सुट्या भागांच्या भावात घेतली, आणि चासी त्याने माझ्यादेखत त्या जोडावरच करवतीने कापली. ती कोणी पुन्हा रंगवून विकू नये, एवढी एकच अट मी घातली होती.