होकार

आनंद गांधी यांच्या 'शिप ऑफ थीसियस'ला २०१३ चा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यातली तीन माणसं मुंबईतच राहतात, पण शेवटापर्यंत त्यांची गाठ पडत नाही. आलिया ही अंध छायाचित्रकार. मैत्रेय हे साधू. प्राण्यांवरच्या औषधचाचण्यांविरुद्ध ते कोर्टात लढतात, आणि म्हणूनच स्वतःचं यकृत निकामी होत असतानाही बराच काळ औषध नाकारतात. तिसरा नवीन, शेअर दलाल. त्याला नुकतीच दुसऱ्याची किडनी बसवली आहे.

मला सर्वांत अस्वस्थ करतो तो नवीन. एका गरीब गवंड्याची किडनी चोरली गेल्याचं त्याला कळतं. ती आपल्याच पोटात तर नाही ना, या शंकेने तो चौकशी करतो. ती नसते. इथे त्याने सुटकेचा निःश्वास टाकला असता तर कुणी दोष दिला नसता. पण तो त्या किडनीच्या मागावर थेट स्टॉकहोम गाठतो.

शेवटी उलगडतं ते असं की, या तिघांना आणि आणखी काही जणांना अवयव मिळालेत ते एकाच माणसाचे. तो गेला आहे. गुहा पाहत हिंडताना त्याने केलेलं चित्रीकरण हे सारे एकत्र बसून पाहतात.

एकमेकांना अनोळखी माणसं जोडायची तर पडद्यावर बहुधा एखादा अपघात नाहीतर योगायोग पुरतो. इथे तेवढ्याने भागलं नसतं. त्या माणसाच्या घरच्या कुणीतरी 'हो' म्हटलं असणार. ते घर आपल्याला दिसत नाही, आणि माझं मन तिथेच अडकून राहतं. मेंदू मृत झाल्याचं डॉक्टरांनी सांगितलंय, पण व्हेंटिलेटरवर छाती हलते आहे, हात अजून उबदार आहे. अशा वेळी अवयवदानाबद्दल विचारलं जातं. उत्तर द्यायला हातात काही तासच असतात. आपलं माणूस कुणाच्या शरीरात जगणार, हेही सहसा सांगितलं जात नाही. तरीही माणसं सही करतात. मला याहून मोठं धैर्य ठाऊक नाही.

आपल्याकडे दात्याचं कार्ड खिशात असलं तरी नातेवाइकांची संमती घेतलीच जाते. त्यांना आपल्या मनातलं माहीत नसेल, तर त्या घडीला ते काय ठरवणार? फॉर्म उद्या भरता येईल. आज जेवताना घरच्यांना आपली इच्छा स्पष्ट सांगा, आणि त्यांचीही विचारून ठेवा.