कायक, दासोह आणि उद्योगातले पदार्थविज्ञान

अहमदपूरच्या महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकून, नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठातून पीएच.डी. मिळवून, पुढे प्राध्यापकी न करता पुण्यातल्या एखाद्या कंपनीच्या संशोधन विभागात रुजू होणाऱ्या तरुणाविषयी दोन मते ऐकू येतात: एक, त्याने विद्या विकली, दुसरे, बरे झाले, पोरगा मार्गी लागला. वरवर परस्परविरोधी असलेल्या या दोन्ही मतांच्या मुळाशी एकच समजूत आहे, ती म्हणजे ज्ञान पवित्र असते आणि त्याचा उपयोग त्याहून हलक्या पायरीवरचा असतो.

या समजुतीला बाराव्या शतकात कल्याणच्या शरणांनी, म्हणजे बसवेश्वरांभोवती जमलेल्या शिवभक्तांनी, आव्हान दिले. वैद्यकाचे शिक्षण घेऊन मठाची धुरा वाहिलेल्या डॉ. शिवलिंग शिवाचार्य महाराजांच्या अहमदपुरात तो विचार परका नाही. सचोटीने केलेले कष्टाचे काम हीच उपासना, या तत्त्वाला शरणांनी 'कायक' म्हटले. दोर वळणाऱ्या नुलिय चंदय्याची कथा सांगते की, गवत कापताना अंगावरचे इष्टलिंग, म्हणजे भक्ताने सदैव जवळ बाळगायचे लिंग, पाण्यात पडले, तरी त्याने हातातले काम सोडले नाही. या कसोटीवर कारखान्याची प्रयोगशाळा विद्यापीठापेक्षा तसूभरही कमी ठरत नाही.

विज्ञानाचा इतिहासही याला दुजोरा देतो. अमेरिकेतील क्लिंटन डेव्हिसन हे 1917 साली अध्यापन सोडून वेस्टर्न इलेक्ट्रिक या दूरध्वनी उपकरणे बनवणाऱ्या कंपनीत गेले आणि पहिले महायुद्ध संपल्यावरही तिथेच राहिले. निर्वात नळ्यांतील धातूंवर इलेक्ट्रॉन आदळल्यावर काय होते, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. 1925 साली द्रवरूप हवेची बाटली फुटल्याने उपकरणाची नळी तडकली, आत शिरलेल्या हवेने तापलेल्या निकेलवर ऑक्साइडचा थर चढला आणि तो काढण्यासाठी धातू दीर्घकाळ तापवावा लागला. त्या उष्णतेने निकेलमधले असंख्य बारीक स्फटिक जाऊन मोजकेच मोठे स्फटिक तयार झाले, आणि त्यावरून विखुरणाऱ्या इलेक्ट्रॉनांची दिशावार मोजणी पूर्वीपेक्षा अगदी निराळी येऊ लागली. याच वाटेने पुढे जाऊन डेव्हिसन व त्यांचे सहकारी जर्मर यांनी 1927 साली इलेक्ट्रॉन लहरीप्रमाणे वागतो याचा प्रायोगिक पुरावा दिला. द्रव्याच्या स्वरूपाविषयीचे इतके मूलगामी सत्य कंपनीच्या नळीत सापडले, हे विद्या विकल्याचा आरोप करणाऱ्यांनी ध्यानात घ्यायला हवे.

तथापि शरणांचा विचार कायकापाशी थांबत नाही, आणि खरी अडचण तिथून पुढेच सुरू होते. श्रमाचे फळ समाजाला अर्पण करणे, ज्याला 'दासोह' म्हणतात, त्यावाचून कायक अपुरे राहते. सांडलेले तांदूळ वेचून आणणाऱ्या मारय्याने एकदा गरजेपेक्षा जास्त तांदूळ आणले, तेव्हा पत्नी लक्कम्माने ते परत टाकून यायला लावले. हाच दंडक कंपनीतील शास्त्रज्ञाला लावला, तर आक्षेप त्याच्या पगारावर येत नाही. पगार हा त्याच्या वाट्याचा तांदूळ आहे. आक्षेप येतो तो अडवून ठेवलेल्या ज्ञानावर.

इथे पेटंट आणि व्यापारी गुपित यांतला भेद निर्णायक ठरतो. पेटंट मागणाऱ्याला शोधाची कृती तपशिलाने लिहून द्यावी लागते, ती प्रसिद्ध होते, आणि भारतात 20 वर्षांनी मक्तेदारी संपल्यावर ती कोणालाही वापरता येते. म्हणजे उशिरा का होईना, दासोह घडतो. व्यापारी गुपिताला अशी मुदत नसते आणि परतफेडीचे बंधनही नसते. कंपनीतले ज्ञान लोकांच्या कामी कसे येते याचे उदाहरण जवळच आहे: पुण्याच्या टीआरडीडीसी या टाटांच्या संशोधन केंद्रात भाताच्या तुसाच्या राखेवर चांदीचे अतिसूक्ष्म कण बसवून पाणी शुद्ध करण्याचे तंत्र विकसित झाले आणि 2009 साली ते 'टाटा स्वच्छ' या नावाने, विजेवाचून चालणाऱ्या स्वस्त उपकरणाच्या रूपात बाजारात आले; पदार्थविज्ञान लोकांच्या घागरीपर्यंत पोचते ते असे. म्हणून नोकरीचा करार हाती आल्यावर वेतनाच्या आकड्याआधी गोपनीयतेचे कलम वाचणे, आणि शोधनिबंध प्रसिद्ध करण्याची मुभा किती व केव्हा, हे विचारून घेणे, हा त्या तरुणाच्या धर्माचाच भाग ठरतो.