ऊब कुठे संपते?

तूप रवाळ झाले की मराठवाड्यातल्या घरात कौतुक होते. मध रवाळ झाला की संशय येतो. हिवाळ्यात लातूर-नांदेडकडे पहाटेचा पारा दहा-बारा अंशांवर उतरतो आणि सूर्यफुलावरचा मध बरणीच्या तळापासून पांढरा पडू लागतो. आधी सायीसारखा थर, मग चमचा उभा राहील इतका घट्टपणा. ‘यात साखर घातलीय’ म्हणून गिऱ्हाईक बरणी परत आणते. पंचामृतासाठी घेतलेला मध असेल तर संशय आणखी गडद होतो, कारण देवाला भेसळ चालत नाही.

रवा धरणे ही भेसळीची खूण नव्हे. मधातले ग्लुकोज पाण्यात कमी विरघळते. थंडी पडली की ते कणाकणाने वेगळे होते आणि 14 अंशांच्या आसपास सर्वांत वेगाने. सूर्यफुलाच्या मधात ग्लुकोज बरेच, म्हणून तो लवकर बसतो. मराठवाडा कृषी विद्यापीठाचे तेलबिया संशोधन केंद्र लातुरात आहे, एलएसएफएच-171 हा सूर्यफुलाचा संकरित वाण तिथलाच. सोयाबीनने या पिकाची जागा बरीच खाल्ली, तरी जिथे सूर्यफूल आणि मधपेट्या शेजारी आहेत तिथे हिवाळ्यात हा प्रश्न उभा राहतोच.

मध ऊब देऊन पुन्हा पातळ करता येतो. पण इथे शास्त्र आडवे येते. मध तापवून घेऊ नये, असे चरकसंहिता बजावते. वाग्भटाचे अष्टांगहृदय त्याहून पुढे जाते: तापवलेला मध नको, उष्ण पदार्थाबरोबर नको, उन्हाने तापलेल्या माणसाला नको, उष्ण काळातही नको. हे अक्षरशः पाळायचे तर लातूरच्या मे महिन्यात, पारा चाळिशीच्या पुढे असताना, मधाचे बोटही चाटता येणार नाही. पत्र्याच्या घरातल्या फळीवरची बरणी तेव्हा चूल न पेटवताच तापते.

मग पाळायचे काय, शब्द की शब्दामागचे कारण? सुदैवाने या ग्रंथांनी कारण सांगून ठेवले आहे. माश्या विषारी फुलांवरूनही रस आणतात, त्यामुळे मधात विषाचा अंश येतो आणि उष्णतेशी त्याचा विरोध आहे, अशी ती मांडणी. सुश्रुताने अपवादही नोंदवला: वमनासाठी उष्ण द्रव्याबरोबर मध चालतो, कारण तो पोटात राहून पचत नाही. जो नियम कारण सांगतो आणि अपवाद मान्य करतो, तो विचार करून पाळण्यासाठीच असतो. आजचे रसायनशास्त्र विषाची भाषा करत नाही, मात्र उष्णतेने मध बिघडतो हे तेही मोजते. तापवल्यावर एचएमएफ नावाचे द्रव्य वाढते, पाचक द्रव्ये घटतात. भारतीय अन्न मानकांत एचएमएफची कमाल मर्यादा किलोला 80 मिलिग्रॅम आहे.

आता पोळ्याकडे पाहावे. अंडी-अळ्यांच्या भागात माश्या 34-35 अंश राखतात. थंडीत पंखांचे स्नायू थरथरवून ऊब करतात, उन्हाळ्यात पाणी आणून पंखांनी वारा घालतात. चाळिशीच्या पुढे मेण मऊ पडून पोळे खचू लागते. म्हणजे ऊब आणि ताप यांतली वेस माशीने आधीच आखली आहे.

मध पातळ करायच्या घरगुती ऊबपेटीने हीच वेस पाळावी. कॉम्प्रेसर गेलेला जुना फ्रिज घ्यावा. त्याच्या भिंती ऊब धरून ठेवतात, वीज गेली तरी काही काळ. तळाशी 60 वॅटचा जुन्या पद्धतीचा बल्ब, कारण एलईडी पुरेसा तापत नाही. बल्बवर पत्र्याचा आडोसा, म्हणजे एकाच बरणीला झळ लागत नाही. वर लाकडी पट्ट्यांची फळी, हवा फिरवायला लहानसा पंखा, आणि अंडी उबवणीच्या यंत्राला लावतात तसला थर्मोस्टॅट. बल्ब प्लास्टिकच्या अस्तराला टेकू देऊ नये आणि अर्थिंग केल्याशिवाय पेटी चालू करू नये. थर्मोस्टॅट 35 ते 38 अंशांवर लावला की आधी बरणीच्या कडेने सोनेरी कड सुटते, मधला पांढरा गोळा हळूहळू बारीक होत जातो. मोठ्या डब्याला काही दिवस लागतात. घाई करून पातेल्यात उकळणारा हे काम काही मिनिटांत उरकतो आणि नेमके जे जपायचे तेच गमावतो.

ही वेस पाळली तरी एक हरकत उरते. दिगंबर जैन श्रावकाच्या मूलगुणांत मद्य-मांसाबरोबर मधाचाही त्याग आहे. त्याच्या लेखी ऊब किती हा प्रश्नच नाही. मध मुळात कोणाचा, हा आहे. धूर करून आग्या माश्यांचे पोळे कापले, पिळले, की अळ्या मरतात. तिथे ही हरकत पूर्ण खरी ठरते. मधपेटीतल्या चौकटी मध काढायच्या यंत्रात फिरवल्या की पोळे शाबूत राहते, हिंसा पुष्कळ कमी होते. पण मध माशीच्या पोटासाठीचा, हे यंत्राने बदलत नाही.

याच प्रश्नावर नांदेड जिल्ह्यातले माहूर आठवते. दत्ताचे निद्रास्थान मानल्या जाणाऱ्या या गडाच्या परंपरेत अवधूताच्या 24 गुरूंची कथा घरोघर माहीत आहे. भागवताच्या अकराव्या स्कंधातली ही कथा पैठणच्या एकनाथांनी मराठीत विस्ताराने मांडली. त्या गुरूंत मधमाशी आहे, तसाच तिचा साठा नेणारा मध काढणाराही आहे. थोडे-थोडे घे आणि साठवू नकोस, हे माशीकडून शिकायचे. साठवलेले दुसराच नेतो, हे मध काढणाऱ्याकडून. एकाच मधाभोवती दोन गुरू ठेवून कथाकाराने घेणाऱ्यालाही हिशेबात धरले आहे. म्हणून मध काढताना फुलोरा नसलेल्या महिन्यांपुरत्या भरल्या चौकटी वसाहतीला सोडाव्यात. हे ऊबपेटीच्या थर्मोस्टॅटइतकेच महत्त्वाचे आहे.

या हिवाळ्यात बरणीत रवा दिसला तर ती परत करू नका. विकणाऱ्याला दोनच गोष्टी विचारा: मध किती अंशांपर्यंत तापवला होता आणि माश्यांसाठी किती चौकटी ठेवल्या होत्या.